आधी गाडीची जागा, मग मुक्काम

मैत्रिणींनो, आपल्याकडे एक म्हण आहे – आधी शिदोरी, मग जेजुरी. देवाला निघायचं तर आधी भाकरीचं गाठोडं बांधायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. आपल्या आज्या-पणज्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण प्रवासाचं शास्त्र त्यांना बरोबर ठाऊक होतं. आपण शिकलो, दारात चारचाकी आली, आणि नेमकी हीच म्हण विसरलो!

पूर्वी खुटबावातून मुंबईला जायचं म्हणजे पॅसेंजरने पुणं गाठायचं आणि तिथून पुढची गाडी पकडायची. हातात एक पिशवी, डोक्यावर एक बोचकं. दादरला कुणी तरी लांबचा मामा नाही तर मावसभाऊ असायचा, त्याच्या एका खोलीत आपण सात-आठ जणी दाटीवाटीने झोपायचो. आता तसं राहिलेलं नाही. उसाचं बिल आलं, पोराला नोकरी लागली, की दारात गाडी येते. मामाची पोरं बदलापूर-विरारला राहायला गेली. आणि चार माणसं घेऊन स्वतःच्या गाडीने शहरात शिरलं, की प्रश्न उभा राहतो – राहायचं कुठे, आणि ही गाडी लावायची कुठे?

हा प्रश्न किती महागात पडतो ते मी अनुभवलं आहे, म्हणून आज लिहायला बसले.

गेल्या वर्षी श्रावणात सासूबाईंना तपासणीसाठी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात न्यायचं होतं. सकाळी नऊची वेळ मिळाली होती. सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढचं, पहाटे निघून पोचणं त्यांना झेपलं नसतं. म्हणून आदल्या दिवशी दुपारी निघालो. आमचे हे, धाकटे भाऊजी, सासूबाई आणि मी. निघताना मी विचारलं, “राहायचं काय ठरलंय?” भाऊजी म्हणाले, “पोचल्यावर बघू की वहिनी. मुंबईत काय हॉटेलांचा दुष्काळ पडलाय का?”

हॉटेलांचा दुष्काळ नव्हताच. रात्री आठला दादरला पोचलो आणि दहापर्यंत फिरत राहिलो. एका ठिकाणी भाडं परवडणारं, पण गाडीला जागा नाही. दुसऱ्या ठिकाणी गाडीला जागा, पण एका रात्रीचे पाच हजार. तिसरीकडे पुढच्या दुकानाने रस्ता अडवलेला. वरून पाऊस. सात-आठ तास गाडीत बसून सासूबाईंचे पाय सुजलेले. आणि बाईमाणसाला तेवढा वेळ अडकून बसावं लागलं, की तिची काय कुचंबणा होते ते मी तुम्हांला वेगळं सांगायला नको. शेवटी एका लॉजवाल्याने अठराशे रुपयांत खोली दिली आणि सांगितलं, “गाडी लावा की समोर रस्त्यावर, रात्री सगळेच लावतात.” आम्ही लावली आणि झोपलो.

सकाळी सातला खाली आलो तर गाडी जागेवर नाही! उचलून नेलेली. आणि गंमत म्हणजे – गंमत कसली, डोळ्यांत पाणी यायची वेळ – सासूबाईंच्या तपासण्यांची सगळी फाईल गाडीच्या डिकीत. हे आणि भाऊजी गाडी शोधायला धावले, मी सासूबाईंना टॅक्सीत घालून रुग्णालयात नेलं. कागद नाहीत म्हणून नंबर गेला. गाडी सुटेपर्यंत अकरा वाजले. दंड आणि उचलल्याचे पैसे मिळून हजाराच्या पुढे गेले. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली, म्हणजे आणखी एका रात्रीचं भाडं, चौघांचं जेवण आणि भाऊजींची बुडालेली रजा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

पैशाचं दुःख दोन दिवसांत विसरता येतं. पण परतताना घाट चढत असताना सासूबाई हळूच म्हणाल्या, “पोरी, माझ्यापायी तुम्हांला केवढा भुर्दंड. पुढच्या तारखेला मी काही यायची नाही. आता जे व्हायचं ते होऊ दे.” माझ्या काळजात चर्र झालं. गाडी लावायची जागा आपण आधी विचारली नाही, एवढीशी चूक, आणि तिच्यामुळे एक बाई स्वतःचे उपचार सोडायला निघाली होती! आपल्या घरातली म्हातारी माणसं, विशेषतः बायका, स्वतःला लगेच ओझं समजायला लागतात. त्यांना तसं वाटायला आपली अव्यवस्था कारण होऊ नये.

मग मी शांतपणे विचार केला. चूक कुणाची? लॉजवाल्याने खोटी भर दिली हे खरं. पण मुळात खोली आधी ठरवायची आणि गाडीचं नंतर बघायचं, हे वरातीमागून घोडं आपणच नाचवलं.

खरं तर हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. तुकोबांची पालखी आपल्या यवतला मुक्कामाला असते. आपण दरवर्षी पाहतो. दिंडीतली माणसं टाळ वाजवत मागून चालत येतात, पण दिंडीचा ट्रक आधीच पुढे आलेला असतो. कुणाच्या वावरात उभा करायचा, तंबू कुठे ठोकायचे, पाणी कुठून घ्यायचं, हे ठरलेलं असतं. जुन्या धर्मशाळांनाही मोठं आवार असायचं ते उगाच नव्हे. बैलगाड्या सोडायच्या, बैलांना दावणीला बांधून वैरण टाकायची, मग माणसं पडवीत पथारी टाकायची. आधी बैलांची सोय, मग माणसांची. आपली चारचाकी म्हणजे आजची बैलजोडीच. फक्त तिला दावण लागते हे आपण विसरलो.

मुंबईत ही दावण मिळणं अवघड का, तेही समजून घ्या. दादर, गिरगाव, फोर्ट भागातली बरीच जुनी लॉज रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांसाठी झाली. पाहुणा बोचकं घेऊन पायी यायचा, त्यामुळे आवाराची गरजच नव्हती. आज तर तिथे राहणाऱ्यांच्या स्वतःच्या गाड्यांनाही जागा पुरत नाही. 2019 च्या जुलैत मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना पाच हजारांपासून पुढे दंड लावायला सुरुवात केली होती, तेव्हा केवढी ओरड झाली ते आठवत असेल. मे 2025 मध्ये राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तर गाडी लावायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणीच करू नये, असा विचार मांडला. जपानमध्ये असा कायदा 1962 पासून आहे. ज्या शहरात घरच्या गाडीची ही कथा, तिथे पाहुण्याच्या गाडीला स्वस्तात जागा कोण देणार?

मग उपाय काय? उपाय जुनाच आहे – गाडी वेशीवर सोडायची. अमेरिकेत लोक मोटारीने लांबचे प्रवास करू लागले, तेव्हा 1925 साली कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला एक मुक्कामाची जागा निघाली. मोटार आणि हॉटेल हे दोन शब्द जोडून तिला मोटेल म्हटलं गेलं. खोलीच्या दारातच गाडी उभी करायची, अशी सोय. ही मोटेलं वाढली ती बहुतेक शहराच्या पोटात नव्हे, हमरस्त्यावर आणि शहराच्या कडेला. कारण स्वस्त जमीन तिथेच असते, आणि जमीन स्वस्त असेल तरच गाडीला जागा देणं परवडतं. हे गणित मुंबईलाही लागू पडतं, पुण्यालाही.

म्हणून पुढच्या तारखेला आम्ही नवी मुंबईत उतरलो. द्रुतगती मार्गाने येणाऱ्याला पनवेल, खारघर, नेरूळ, वाशी हे वाटेतच लागतं. बाजूला आवार असलेली, वॉचमन असलेली साधी खोली मिळाली. भाडं दादरपेक्षा थोडं कमीच. गाडी दोन दिवस तिथेच उभी. सासूबाईंना सकाळी टॅक्सीने नेलं. दुसऱ्या दिवशी फक्त रिपोर्ट आणायचे होते, तर मी एकटी लोकलने गेले. हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने परळ. बायकांचा डबा, कसली भीती नाही. टॅक्सीचे पैसे धरूनही खर्च पहिल्या खेपेपेक्षा कमी झाला. आणखी एक सांगते. पूर्वी खाडी ओलांडून मुंबईत जायला वाशीच्या नाक्यावर टोल द्यावा लागायचा, पण ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कार-जीपसारख्या हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्यामुळे खाडीपलीकडे राहण्याचा तो एक खर्चही गेला.

आता मुख्य गोष्ट. निघण्याआधी फोन करायचा, आणि तो फोन, मैत्रिणींनो, आपण करायचा. पुरुषमंडळी “पोचल्यावर बघू” म्हणतात, कारण न्हाणीघर, गरम पाणी, म्हाताऱ्यांची औषधं, लेकरांचं दूध हे त्यांच्या डोक्यात येतच नाही. ते आपल्या डोक्यात येतं. मग विचारायचंही आपणच. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई लॉजच्या मॅनेजरशी बोलायला का बरं बुजावी?

विचारायचं काय, तेही सांगते. “पार्किंग आहे का?” असं विचारलं की सगळे “आहे” म्हणतात! म्हणून प्रश्न असा करा – गाडी तुमच्या आवारात लागेल की रस्त्यावर? आमच्यासाठी जागा राखून ठेवाल, की आधी येईल त्याला? त्याचे पैसे खोलीच्या भाड्यात आहेत की वेगळे, आणि रात्रीचे किती? गाडी कोणती ते आवर्जून सांगा. वर कॅरिअर लावलेली उंच जीप बऱ्याच बेसमेंटमध्ये जातच नाही, आणि गाडी यंत्राने उचलून वर ठेवतात अशा ठिकाणी मोठी गाडी घेत नाहीत. किल्ली वॉचमनकडे ठेवावी लागते का, तेही विचारा. एकामागे एक गाड्या लावल्या, की पहाटे निघताना पुढच्या गाडीवाल्याला उठवत बसावं लागतं. गाडी कुठेही लावा, दागिने, पैसे, औषधं आणि रुग्णाचे कागद रात्री गाडीत ठेवायचे नाहीत. हा धडा मी पदरचे पैसे खर्चून शिकले आहे. ड्रायव्हर बरोबर असेल तर त्याच्या झोपण्याची सोय आधी विचारा. रात्रभर गाडीत घामाने भिजून जागलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी आपली लेकरंबाळं असतात.

मग खोलीचं. खोली चोवीस तासांसाठी मिळते की दुपारी बाराला सोडायची? रात्री दहाला पोचणाऱ्याला यात निम्म्या दिवसाचा फरक पडतो. जास्तीच्या गादीचे किती? गरम पाणी किती ते किती? लिफ्ट आहे का, आणि कमोड आहे का? गुडघे धरलेल्या बाईला ही चैन नाही, गरज आहे. करासकट किती, हेही स्पष्ट विचारा. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे पंधराशेच्या खोलीवर पूर्वी 180 रुपये कर पडायचा, तो 75 रुपये झाला. बिल नीट वाचा. लॉजची जीएसटी नोंदणीच नसेल, तर त्याला तो कर तुमच्याकडून घेता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघायचं आणि नसेल तर गोड शब्दांत विचारायचं.

एवढं बोलणं झालं की ते सगळं मॅनेजरकडून मोबाईलवर लिहून मागवायचं – भाडं इतकं, गाडी आवारात, वेगळे पैसे नाहीत. बोललेलं विसरतात, लिहिलेलं सहसा विसरत नाहीत. आणि एक सावधगिरी. इंटरनेटवर सापडलेला प्रत्येक नंबर त्या लॉजचाच असतो असं नाही. हॉटेलांच्या नावाने खोटे नंबर टाकून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार होतात. अनोळखी नंबरवर पूर्ण भाडं पाठवू नका. फसगत झालीच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा, जितक्या लवकर तितकं बरं.

रुग्णाला घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून गावोगावचे लोक तिथे येतात, आणि त्यांच्या मुक्कामासाठी काही भल्या माणसांनी सोयी केल्या. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती ही त्यांतलीच नावं. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारलं, कागद दाखवले, की ते अशा ठिकाणांची वाट दाखवतात. त्यात कमीपणा मानू नका. फक्त तिथे गाडीलाही जागा मिळेल असं धरून चालू नका. लांबचे उपचार असतील तर गाडी घरीच बरी.

आणि पुण्याला तर आपण गाडी काढतोच कशाला? खुटबावला स्टेशन आहे. केडगाव, यवत, उरुळी या सगळ्या गावांना आहे. दवाखाना असो, मुलीचं कॉलेज असो, लग्नाचा बस्ता असो, हडपसर आणि पुणे स्टेशन रुळांवरून गाठता येतं. लक्ष्मी रोडला गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात दोन साड्या घेऊन होतात! दारात गाडी आहे म्हणून ती प्रत्येक वेळी काढलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

आपल्या गटातल्या काही जणी मला विचारतात, “ताई, पुरुष बरोबर नसला तर खोली देतात का हो?” देतात. सज्ञान बाईला, किंवा दोघी-चौघी मिळून आलेल्या बायकांना खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र मात्र प्रत्येकीचं हवं. नुसत्या नवऱ्याच्या आधार कार्डावर भागत नाही. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली, ‘मास्क्ड आधार’ म्हणतात ती द्यावी, नाही तर मतदार ओळखपत्र द्यावं. खोलीत शिरल्यावर कडी, खिडकी आणि न्हाणीघराचं दार बघावं. काही वावगं वाटलं तर 112 लावावा, संकोच करू नये.

हे झालं आपण काय करायचं ते. पण सगळा भार आपणच का उचलायचा? गावाकडून रोज किती माणसं दवाखान्यासाठी, परीक्षांसाठी, कोर्टकचेरीसाठी शहरात येतात! अहिल्यादेवींनी यात्रेकरूंसाठी देशभर धर्मशाळा आणि घाट बांधले. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबईत धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. मग आजच्या महापालिकांना आणि सरकारला शहराच्या वेशीवर, लोकल किंवा मेट्रोच्या स्टेशनाला लागून, मोठं आवार असलेली साधी, स्वच्छ यात्री निवासं का उभारता येऊ नयेत? गाडी तिथे ठेवा, रात्री तिथे राहा, दिवसा रेल्वेने शहरात जा. गाववाल्याची वणवण थांबेल आणि शहरातली गर्दीही तेवढी कमी होईल. आपल्या आमदार-खासदारांकडे आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो, हेही मागून बघूया. ग्रामसभेत उठून हा विषय काढायला पैसे पडत नाहीत.

आमच्या सासूबाई आता नेमाने तारखेला येतात. उपचार चालू आहेत. परवा निघायच्या आदल्या रात्री मी फोनवर मॅनेजरशी बोलत होते, त्या बाजेवर बसून ऐकत होत्या. फोन ठेवला तशा म्हणाल्या, “गाडीचं विचारलंस का गं?” मी म्हटलं, “आई, पहिलं तेच विचारलं.” तेव्हा त्यांनी पिशवी भरायला घेतली.